समुद्र घरीं आणावयाचा तर

मुलांचे हट्ट दोन जातींचे असतात. कांहीं हट्ट बाजारांतून वस्तु आणून हातीं ठेवली कीं संपतात. कांहीं मात्र वस्तु घरांत आल्यावरच खरे सुरू होतात. गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरांतील बालमंडळीनें जो हट्ट धरला तो ह्या दुसऱ्या जातीचा होता. माझी कन्या आणि धाकट्या बंधूंचीं दोन मुलें भावजयीच्या माहेरीं मुंबईस जाऊन आलीं होतीं. तेथें शेजारच्या बिऱ्हाडीं त्यांनीं कांचेच्या टाकींत चक्क समुद्र पाहिला! गोड्या पाण्यांतील सोनेरी मासे आपण सर्वांनींच पाहिले आहेत. पण येथें होतें खारें पाणी, त्यांत डोंगरासारखी रचलेली खडकांची रास, तिच्या फटींतून ये-जा करणारे नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले मासे, आणि वरून पडणारा निळसर उजेड. मुलें परत आलीं तीं 'आपल्याकडेहि समुद्र आणूं या' असा घोष करीतच.

आमचें घर पुण्याचें. घाट उतरल्याशिवाय आम्हांस समुद्राचें दर्शन नाहीं. त्यामुळें मुलांच्या मागणीचें मला प्रथम हसूं आलें, आणि मग, खरें सांगावयाचें तर, मोहहि पडला. मुंबईस १९५१ सालीं उघडलेलें तारापोरवाला मत्स्यालय मीं शाळेच्या सहलींत पाहिलें होतें. त्या कांचांना नाक लावून उभें राहण्याचें सुख अजून आठवत होतें. रात्रीं जेवणें झाल्यावर विषय आईपुढें निघाला. आईचें वय ब्याऐंशी. घरांत नवी वस्तु येण्यापूर्वीं तिचा कौल घ्यावा, असा आमचा जुना रिवाज आहे.

आई म्हणाली, "मुक्या जीवांना कांचेत कोंडायचें आणि तें बघत बघत आपण चहा प्यायचा, ह्यांत शोभा ती कसली रे? आणि त्यांना खायला काय घालणार? शेवयांची खीर?"

मुलें हसलीं, पण आई हसली नाहीं. थोडा वेळ थांबून ती म्हणाली, "आणायचेच असतील तर हमी द्या. ह्या घरांत आलेला जीव उपाशी राहायचा नाहीं आणि हेळसांडीनें मरायचा नाहीं."

ती हमी मीं मोठ्या दिमाखानें दिली, आणि आठवड्याच्या आंत मोडली. टाकी आणली, बाजारांत मिळणारें सागरी मीठ पाण्यांत कालविलें, पंप सुरू केला. दुसऱ्या दिवशीं गढूळपणा बसला व पाणी स्फटिकासारखें दिसूं लागलें. दुकानदार म्हणाला, "पाणी तयार आहे, मासे सोडा." चौथ्या दिवशीं दोन चिमुकले निळे मासे सोडले. मुलांनीं कौतुकानें दिवसांतून पांच-सहा वेळां खाद्य टाकलें. तिसऱ्या सकाळीं एक मासा तळाशीं आडवा पडलेला दिसला. दिवेलागणीच्या सुमारास दुसराहि गेला. मुलांनीं ते अंगणांतल्या तगरीखालीं पुरले. आईनें मला बोल लावला नाहीं. टाकीपाशीं उभी राहून तिनें एवढेंच विचारलें, "पाणी तर इतकें निर्मळ दिसतंय. मग गेले कशानें?"

माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. ह्या एका प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत माझे पुढचे दोन महिने गेले. ज्या घरांत मुलांनीं असाच हट्ट धरला असेल, तेथील वडील मंडळींस तें उपयोगी पडेल ह्या विचारानेंच हा लेख लिहीत आहें.

उत्तर असें कीं, निर्मळ दिसणें आणि निर्विष असणें ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया नांवाचें द्रव्य सतत पाण्यांत सोडतो. उरलेलें खाद्य कुजलें कीं त्याचाहि अमोनिया होतो. हा अमोनिया डोळ्यांना दिसत नाहीं, पण माशाचे कल्ले जाळतो. आणि समुद्राचें पाणी किंचित् अल्कधर्मी असल्यामुळें गोड्या पाण्यापेक्षां तेथें तो अधिक जहाल ठरतो. अथांग समुद्रांत ही घाण क्षणांत पांगते. दीडशें लिटरांच्या टाकींत ती पांगणार कोठें? तेथें ती खाऊन टाकणारे सूक्ष्म जंतु असावे लागतात. एका जातीचे जंतु अमोनियाचें नायट्राइट करतात, नायट्राइटहि विषारीच. दुसऱ्या जातीचे जंतु नायट्राइटचें नायट्रेट करतात, व तें बेतानें असल्यास माशांना सोसतें. मातींत हेंच काम कसें चालतें, हें विनोग्राड्स्की ह्या रशियन शास्त्रज्ञानें १८९० च्या सुमारास दाखवून दिलें.

आमच्या टाकींत मासे होते, पाणी होतें, मीठ होतें; नव्हते ते हे न दिसणारे जंतु. गृहिणींना हें एका शब्दांत सांगतां येईल: टाकीला विरजण लागलें नव्हतें. फरक इतकाच कीं, दह्याचें विरजण एका रात्रींत लागतें; ह्या विरजणाला चार ते सहा आठवडे लागतात. जो एवढा काळ रिकाम्या टाकीकडे पाहत बसूं शकत नाहीं, त्यानें समुद्र घरीं आणूं नये.

सबब आम्हीं पुनश्च हरिः ॐ केलें. तें आतां क्रमानें सांगतों.

प्रथम जागा. आमची टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच आहे. तींत सुमारें एकशें नव्वद लिटर पाणी मावतें; खडक, वाळू व वरची मोकळी जागा वजा जातां सुमारें एकशें साठ लिटर पाणी राहतें. कांच, खडक व चौरंग धरून हें ओझें अडीचशें किलोच्या वर जातें. म्हणजे चार धडधाकट माणसें कायमचीं एका कोपऱ्यांत उभीं राहिल्यासारखें. म्हणून टाकी भक्कम भिंतीच्या कडेला, तळ सपाट पाहून ठेवावी. ऊन थेट पडेल अशा खिडकींत ती नसावी. त्यानें पाणी तापतें व शेवाळ माजतें. नवशिक्यास लहान टाकी सोपी वाटते, पण गोष्ट उलट आहे. थोडें पाणी लौकर तापतें, लौकर निवतें, लौकर बिघडतें. भरपूर पाणी आपल्या चुका कांहीं काळ पोटांत घालतें.

दुसरें पाणी. नळाच्या पाण्यांत क्लोरीन असतो. शिवाय शेवाळास पोसणारीं द्रव्यें व कधींकधीं नळीतून येणारा तांब्याचा अंशहि असतो. म्हणून गाळण्याच्या यंत्रांतून काढलेलें शुद्ध पाणी घ्यावें. समुद्राच्या एका लिटर पाण्यांत सुमारें पस्तीस ग्रॅम क्षार असतात. ह्या हिशेबानें आमच्या टाकीस साडेपांच ते सहा किलो मीठ लागलें. येथें स्वैंपाकघरांतील मीठ चालत नाहीं. समुद्राच्या क्षारांत साध्या मिठाचा वांटा सुमारें पंचाऐंशी टक्के असतो. उरलेल्या भागांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, गंधकाचे क्षार इत्यादि द्रव्यें असतात, आणि त्यांवांचून समुद्रांतील जीव जगत नाहींत. म्हणून ह्याच कामाकरितां तयार केलेलें मीठ आणून तें वेगळ्या पिंपांत कालवावें, दिवसभर पंपानें ढवळावें आणि मग खारटपणा मोजावा. पाण्याचें विशिष्ट गुरुत्व १·०२५ च्या आसपास असावें. तें मोजण्याचें छोटें दुर्बिणीसारखें उपकरण मिळतें. तें घेण्यांत काटकसर करूं नये.

येथें पहिला घोटाळा होतो तो आटण्याचा. आमटी उकळत ठेवली कीं ती आटते व खारट होते, हें कोणत्याहि सुनेस शिकवावें लागत नाहीं. टाकींचेंहि तसेंच आहे. वाफ होऊन जातें तें नुसतें पाणी; मीठ मागें राहतें. म्हणून रोज आटलेल्या पाण्याची भर गोड्या, शुद्ध पाण्यानें घालावी; खाऱ्या पाण्यानें कधींहि नाहीं. कांचेवर एक रेघ मारून ठेवावी आणि पाणी त्या रेघेला आणावें.

तिसरी गोष्ट, पाणी खेळतें ठेवण्याची. प्रवाळभित्तीवर पाणी क्षणभरहि स्वस्थ नसतें. लहान पंपांनीं पाणी दोन दिशांनीं फिरत राहावें, म्हणजे हवेंतला प्राणवायु त्यांत मिसळतो. शिवाय फेंस काढण्याचें एक यंत्र असतें. गुऱ्हाळांत काहिलीवर येणारी मळी ज्यांनीं काढतांना पाहिली आहे, त्यांना त्याचें काम लगेच कळेल. पाण्यांत बारीक हवा घुसळली कीं तेलकट, कुजणारीं द्रव्यें फेंसाबरोबर वर येतात व वेगळ्या पेल्यांत जमतात. तो पेला दर दोन दिवसांनीं धुवावा. वीज गेली तर पंप थांबतात आणि मासे गुदमरूं लागतात. यास्तव घटावर चालणारा एक हवेचा पंप जवळ ठेवावा. विजेची तार भिंतींतील खोबणीकडे जाण्यापूर्वीं खालीं झोळ देऊन न्यावी, म्हणजे तारेवरून ओघळणारें पाणी खोबणींत शिरणार नाहीं. मुलांच्या घरांत ही सूचना सर्वांत महत्त्वाची.

खडक आम्हीं कृत्रिम घेतले. ते कां, हें पुढें सांगतों. खडकांची रास रचून, पाणी भरून, आम्हीं टाकींत चिमूटभर खाद्य टाकलें व थांबलों. दर दोन दिवसांनीं मुलें परीक्षानळींत पाणी घेऊन थेंब टाकीत आणि रंग पाहून वहींत नोंद करीत. प्रथम अमोनिया चढला, मग उतरला. त्याबरोबर नायट्राइट चढलें, तेंहि उतरलें. मध्यंतरीं खडकांवर तपकिरी साय धरली, तिच्यामागून हिरवें शेवाळ आलें. आणि आमच्या सौभाग्यवतींनीं 'हा समुद्र कीं विहीर?' असा शेरा मारला. हें कुरूपपण येतेंच. त्यास भिऊन औषधें ओतूं नयेत. अडतिसाव्या दिवशीं दोन्ही नळ्यांतील विष शून्य दिसलें. मुलांनीं पुन्हा दोन दिवस तपासून खात्री करून घेतली. एरवीं दहा मिनिटें धीर न धरणाऱ्या मुलांनीं अडतीस दिवस रिकाम्या टाकीची वही लिहिली, हा लाभ मी लहान मानीत नाहीं.

आतां खडकांची गोष्ट. त्यासाठीं थोडें मागें जावें लागेल. समुद्रांतील जीव घरांत वाढविण्याच्या छंदाचा आरंभ इंग्लंडांत एका गृहिणीनें केला. ॲना थिन ही लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी येथील एका धर्मोपदेशकाची पत्नी. १८४६ सालीं टॉर्कीच्या किनाऱ्यावर तिला जिवंत प्रवाळ मिळालें. तें तिनें सुईदोऱ्यानें स्पंजाला टाचलें, दगडी बरणींत घालून लंडनला आणलें, आणि तेथें तें जगविलें. पाण्यांत हवा मिसळावी म्हणून तिची दासी उघड्या खिडकीपाशीं बसून तें पाणी एका भांड्यांतून दुसऱ्यांत ओतीत राही. रोज अर्धा-पाऊण तास! आज आपण बटण दाबून जें काम करून घेतों, तें त्या मोलकरणीच्या मनगटांनीं केलें. पुढें तिनें पाण्यांत सागरी वनस्पति लावल्या व प्रवाळाची संततिहि वाढविली. तिचा वृत्तांत १८५९ सालीं छापून आला.

मधल्या काळांत १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत पहिलें सार्वजनिक मत्स्यालय उघडलें, आणि १८५४ सालीं फिलिप हेन्री गॉस ह्या निसर्गशास्त्रज्ञाचें मत्स्यालयावरील पुस्तक निघालें. गॉस मोठा भाविक व निरीक्षणांत निष्णात. लोकांनीं सृष्टीचें कौतुक करावें ह्या हेतूनें त्यानें लिहिलें. पण परिणाम उलटा झाला. घरोघर मत्स्यालयांचें वेड पसरलें व डेव्हनच्या किनाऱ्यावरील खडकांमधलीं सुंदर डबकीं लोकांनीं ओरबाडून रिकामीं केलीं. त्याचा मुलगा एडमंड गॉस ह्यानें १९०७ सालच्या आपल्या आत्मवृत्तांत ह्या उजाड झालेल्या किनाऱ्याबद्दल हळहळ व्यक्त केली आहे. ज्यावर आपण प्रेम करतों तें आपल्याच हातून नाहींसें व्हावें, ह्यासारखी दुसरी शोकान्तिका नाहीं.

हा दोष इंग्लंडांतच राहिला असें नव्हे. फिलिपीन्समध्यें शोभेचे मासे पकडण्यासाठीं प्रवाळांच्या फटींत सायनाइड फवारण्याची चाल १९६० नंतर पसरली. त्यानें मासा गुंगून हातीं लागतो, पण आजूबाजूचें प्रवाळ मरतें आणि पकडलेल्या माशांपैकींहि अनेक पुढें दगावतात. दुकानांतील कांचेमागें पोहणाऱ्या माशाच्या अंगावर त्याचा इतिहास लिहिलेला नसतो. तो आपण विचारावा लागतो.

प्रवाळ हें झाड नव्हे, दगडहि नव्हे. तो जीव आहे. लक्षावधि इवले प्राणी एकत्र राहून चुन्याचीं घरें बांधतात, आणि त्यांच्या देहांत सूक्ष्म शेवाळ वस्ती करून सूर्यप्रकाशापासून अन्न तयार करतें व यजमानास देतें. आपल्या सौभाग्यालंकारांत जें पोंवळें असतें तें भूमध्य समुद्रांतील निराळ्या प्रवाळाचा सांगाडा होय; पण कूळ तेंच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षां एक-दोन अंशांनीं अधिक तापून तसेंच कांहीं आठवडे राहिलें, तर प्रवाळ हें शेवाळ बाहेर टाकतें, पांढरें पडतें, व ताप न ओसरल्यास उपासमारीनें मरतें. १९९८, २०१० व २०१६ सालीं आपल्या लक्षद्वीपच्या प्रवाळभित्तींवर ही आपत्ति आली. २०२४ सालच्या एप्रिल महिन्यांत तर शास्त्रज्ञांनीं जगभर चाललेल्या अशा चौथ्या आपत्तीची घोषणा केली.

अशा जीवास आपल्या देशांत कायद्याचें संरक्षण आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत, म्हणजे ज्या यादींत वाघ आहे तींत, २००१ सालीं भित्ति बांधणाऱ्या सर्व प्रवाळांचा समावेश झाला. तें समुद्रांतून काढणें, विकणें वा विकत घेणें गुन्हा आहे; किनाऱ्यावरून त्याचे सांगाडे आणणेंहि त्यांत येतें. समुद्री घोड्यांनाहि कायद्याचें संरक्षण आहे. मुंबईंत किनारी रस्त्याच्या कामासाठीं हाजीअली व वरळी येथील प्रवाळ हलविण्याची वेळ आली, तेव्हां २०२० सालीं त्यासाठीं रीतसर परवानगी काढावी लागली. महानगरपालिकेस जें विचारल्यावांचून करतां येत नाहीं, तें आपण दिवाणखान्याच्या शोभेसाठीं करावें काय? कोणी दुकानदार कानांत सांगेल, 'कोण पाहतो?' त्यास सांगावें कीं घरांतलीं मुलें पाहतात.

म्हणूनच आमच्या टाकींतले खडक कृत्रिम आहेत आणि तींत जिवंत प्रवाळ नाहीं. मुलें प्रारंभीं हिरमुसलीं. त्यांना मीं वचन दिलें आहे कीं हिंवाळ्यांत मालवणास नेईन. तेथील समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, व सिंधुदुर्गाच्या आसपासच्या पाण्यांत प्रवाळ त्याच्या स्वतःच्या घरीं आहे. पाहुण्यानें यजमानाच्या घरीं जाऊन त्यास भेटावें. त्यास उचलून आणूं नये.

मासे निवडतांनाहि आम्हीं हीच कसोटी लावली. मुलें ज्यास २००३ सालच्या चित्रपटावरून ओळखतात, तो नारिंगी-पांढरा विदूषक मासा पैदास-केंद्रांत अंड्यांपासून वाढवितां येतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें आपल्या देशांत ह्याच्या अनेक जातींची पैदास साधली आहे. असा मासा समुद्रास न लुटतां मिळतो. शिवाय टाकींतच जन्मलेला असल्यानें तो तयार खाद्य चटकन् स्वीकारतो. समुद्रांत तो समुद्रपुष्पाच्या विषारी बोटांमध्यें आश्रय घेतो, पण घरीं त्यावांचूनहि सुखानें राहतो. आम्हीं अशी एक जोडी आणली. पिशवीतील पाण्यांत टाकींचें पाणी थेंबथेंब मिसळून तासाभरानें त्यांना आंत सोडलें. महिन्यानें शेवाळ खाणाऱ्या चार गोगलगाई आल्या. ह्या टाकींत लहान मासे फार तर पांच राहतील, आणि तेहि दीड-दोन महिन्यांच्या अंतरानें एकेक.

ह्या माशांचा संसार ऐकून घरांतील स्त्रीवर्गास मोठी गंमत वाटली. हे सर्व जन्मतः नर असतात. कळपांतील सर्वांत मोठा तो मादी होतो आणि सत्ता त्या मादीची असते. ती वारली तर तिचा नर मादी होऊन तिची जागा घेतो. अंडीं खडकावर घातलीं कीं त्यांना पंखांनीं वारा घालीत राखण करतो तो बाप. "मग आमच्याकडे उलटें कां?" असें भावजयीनें जेवतांना विचारलें, तेव्हां बंधूंनीं भात पुन्हां मागून विषय बदलला.

खाण्याचा प्रश्न आईनें पहिल्या दिवशींच विचारला होता, आणि तो थट्टेचा नव्हता. ह्या माशांना गोठविलेली कोळंबी देण्याची चाल आहे. ती आमच्या शीतकपाटांत देवाच्या दुधाशेजारीं ठेवणें शक्य नव्हतें. कोरड्या गोळ्यांनीं काम भागतें असें कळलें, पण त्यांतहि माशांचें पीठ असतेंच. मीं तें आईपासून लपविलें नाहीं. ती म्हणाली, "त्याचा आहार त्याचा. त्याला आपलें सोंवळें कशाला? डबी मात्र स्वैंपाकघरांत नको." ती डबी आतां माझ्या लिहिण्याच्या टेबलावर असते. दिवसांतून दोनदां, दोन मिनिटांत संपेल एवढेंच खाद्य. हात धुऊन, आणि पाळी वहींत लिहून.

आपल्या घरांतील कांहीं नित्याच्या गोष्टी ह्या टाकीस घातक आहेत, त्या येथें नमूद करतों. डांस मारण्याचा फवारा त्या खोलींत मारूं नये. उटणें, तेल वा साबण लागलेला हात पाण्यांत घालूं नये. धूप, उदबत्ती दूर ठेवावी. आणि सर्वांत महत्त्वाचें, तांब्याचें भांडें वापरूं नये. आईनें शुद्ध म्हणून पूजेची तांब्याची कळशी भर घालण्यास काढली होती. आपल्यास जें पवित्र, तें गोगलगाई, कोळंबी व प्रवाळ ह्यांस प्राणघातक आहे. ताम्राचा लेशहि त्यांना सोसत नाहीं. दर पंधरवड्यास दहावा हिस्सा पाणी काढून नवें खारें पाणी घालावें. उष्णता पंचवीस ते सत्तावीस अंशांत ठेवावी. पुण्याच्या एप्रिल-मेमध्यें हें कठीण जातें. आम्ही पाण्यावर पंख्याचा झोत सोडतों. त्यानें दोन-तीन अंश उष्णता उतरते, पण रोज दोन-तीन लिटर पाणी अधिक आटतें.

तें आटलेलें पाणी भरण्याचें काम आतां आईकडे आहे. कोणी तिला तें सांगितलें नाहीं. सकाळीं तुळशीला पाणी घालून आली कीं ती चष्मा लावून कांचेवरची रेघ पाहते आणि प्लॅस्टिकच्या मापानें पाणी घालते. "आज दोन मापें लागलीं, ऊन वाढलं," असें ती सांगते, आणि नात वहींत लिहिते. परवां मीं तिला विचारलें, "आई, अजून तुला हें कोंडणें वाटतें का?" ती म्हणाली, "वाटतं. म्हणून तर रोज बघते."

ह्या छंदाचें सारें शास्त्र मला त्या उत्तरांत दिसलें. माशाचें जिणें आपण आपल्या हौशीखातर बांधून घेतलें आहे. विदूषक मासा नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षें जगतो. म्हणजे आज हट्ट धरणारीं मुलें महाविद्यालयांत जातील, तेव्हांहि ही रेघ कोणीतरी रोज पाहिली पाहिजे. एवढी तयारी घरांत असेल तर खुशाल टाकी आणावी. प्रथम न दिसणाऱ्या जंतूंना घर द्यावें, मग माशांना. आणि तेवढी तयारी नसेल, तर मुलांना बोट धरून समुद्रावर न्यावें. ओहोटीच्या वेळीं खडकांतील डबकीं दाखवावीं, आणि त्यांतलें कांहीं एक न उचलतां परत यावें. तेंहि शिक्षण ह्याहून कमी प्रतीचें नाहीं.